वृक्षशेतीतून दरवर्षी उत्पन्न: आधी तोडीचा हिशोब, मग लागवड

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा की, कुटुंबाच्या पाच एकरांपैकी सुमारे अडीच एकर, म्हणजे एक हेक्टर जमीन उताराची आणि मुरमाड आहे. तिथे ओलिताची सोय नाही, हंगामी पीक घेतले तर बियाणे-खताचा खर्चही निघत नाही, आणि घरातली तरुण माणसे बाहेरगावी कामाला गेल्यामुळे रोजच्या मशागतीला हात उरलेले नाहीत. अशा जमिनीवर झाडे लावली तर वीस वर्षांनी एकरकमी नव्हे, तर दरवर्षी काही रक्कम हाती येईल का, आणि त्यासाठी कोणती झाडे लावावीत, असे तुम्ही विचारले आहे.

दरवर्षी उत्पन्न येऊ शकते, आणि तुम्ही वर्णन केलेली जमीन त्यासाठी अयोग्यही नाही. मात्र गेली जवळपास तीस वर्षे शेतकऱ्यांच्या रोपवनांत काम करताना मी एक चूक सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. ‘कोणते झाड लावू?’ हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो, आणि ‘लाकूड कोण घेणार, कोणत्या मापाचे घेणार आणि कोणत्या वर्षी घेणार?’ हे प्रश्न झाडे डोक्यावर गेल्यानंतर सुचतात. हा क्रम उलटा करावा लागतो. लाकूड हा जड माल आहे. त्याच्या किमतीतला मोठा वाटा तोडणी, भराई आणि वाहतूक यांत जातो, त्यामुळे दूरच्या बाजारात चढा भाव असला तरी त्याचा लहान शेतकऱ्याला फारसा उपयोग होत नाही. म्हणून रोपे विकत घेण्याआधी, ट्रक एका दिवसात जाऊन परत येईल एवढ्या अंतरातले किमान तीन खरेदीदार गाठावेत आणि त्यांना नेमके विचारावे: कोणती जात घेता, कमीत कमी घेर किती हवा, ओंडक्याची लांबी किती, साल काढून की सालीसकट, वजनावर की घनफळावर, आणि पैसे किती दिवसांत देता. जळाऊ लाकूड आणि कागदाच्या लगद्याचे लाकूड बारीक चालते. बांधकामाच्या बल्ल्यांना सरळपणा हवा. प्लायवूडच्या कारखान्याला गोल, सरळ आणि ठरावीक घेराच्या वरचाच ओंडका लागतो. फर्निचरवाल्याला गाभ्याचे पक्के लाकूड हवे असते. हे चारही माल एकाच शेतातून निघू शकतात, पण त्यांसाठी रोपांमधले अंतर, तोडीचे वर्ष आणि बऱ्याचदा झाडाची जातही वेगळी असते.

सगळ्यांनी एकाच वर्षी एकच झाड लावले की काय होते, याचा अनुभव जगाला आहे. 1980च्या दशकात गुजरातमध्ये शेतकऱ्यांनी निलगिरीची प्रचंड लागवड केली, आणि तो सगळा माल एकाच सुमारास बाजारात आल्यावर दशकाच्या अखेरीस बल्ल्यांचे भाव कोसळले. त्याच दशकात सुबाभळीवर पडणारी एक लहानशी तुडतुड्यासारखी कीड पॅसिफिक बेटांमार्गे आशियाभर पसरली आणि सलग लावलेली सुबाभूळ निष्पर्ण झाली. पुढे 2000नंतर निलगिरीच्या पानांवर गाठी पाडणारी गांधीलमाशी अनेक देशांत पोहोचली, तेव्हा एकाच वाणाची कलमे लावलेल्या शेतांना तिचा सर्वाधिक फटका बसला. म्हणून एक हेक्टरसारख्या लहान क्षेत्रातही किमान तीन जाती आणि किमान दोन प्रकारचे खरेदीदार ठेवावेत, असा माझा आग्रह असतो. यात जो थोडासा नफा सोडावा लागतो, तो या संरक्षणाचा खर्च समजावा.

दरवर्षीच्या उत्पन्नाची किल्ली मात्र जातीत नसून क्षेत्राच्या विभागणीत आहे. 1713 साली जर्मनीतल्या सॅक्सनीमध्ये हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या खाण प्रशासकाने, धातू गाळण्याच्या भट्ट्यांसाठी जंगले संपत चालली असताना, जेवढे वाढते तेवढेच तोडावे असा विचार पुस्तकरूपाने मांडला. ‘शाश्वत’ या आजच्या शब्दामागे वनशास्त्रातला हाच व्यवहारी विचार आहे. त्याची शेतावरची सर्वांत सोपी रीत म्हणजे कूप पाडणे, म्हणजेच पाळीपाळीने तोडण्यासाठी क्षेत्राचे सारखे तुकडे करणे. समजा, तुम्ही सहा वर्षांत तोडीला येणारे झाड निवडले. तर पूर्ण हेक्टर एकाच पावसाळ्यात न लावता त्याचे सहा कूप पाडावेत आणि दरवर्षी एकच लावावा. प्रत्येक कूप साधारण साडेसोळा गुंठ्यांचा होईल, आणि 3 बाय 2 मीटर अंतराने त्यात सुमारे 278 रोपे बसतील. सहाव्या वर्षाच्या अखेरीस पहिला कूप तोडीला येईल, पुढच्या वर्षी दुसरा, आणि तिथून पुढे दरवर्षी एक. लागवडीचा खर्चही सहा वर्षांत विभागला जातो, एका वर्षी दुष्काळ पडला तर एकाच कूपाची रोपे मरतात, आणि पहिल्या वर्षी केलेल्या चुका दुसऱ्या कूपात दुरुस्त करता येतात. हा शेवटचा फायदा कागदावर दिसत नाही, पण मी त्याला सर्वांत जास्त मोल देतो.

पहिली पाच वर्षे हाती काय येणार, हा प्रश्न त्यानंतर उरतोच. ज्या कूपांत अजून झाडे लावलेली नाहीत, तिथे चाऱ्याचे गवत किंवा कडधान्य चालू ठेवता येते. लावलेल्या कूपातही पहिली दोन वर्षे, सावली दाट होईपर्यंत, ओळींमध्ये कमी उंचीचे द्विदल पीक निघते आणि त्या निमित्ताने झाडांची खुरपणीही होते. गवत मात्र कापून न्यावे, जनावरे आत सोडू नयेत. एका रात्रीत शिरलेल्या शेळ्या वर्षभराची वाढ खाऊन जातात. जिथे निलगिरी, करंज किंवा बाभूळ फुलते, तिथे मधपेट्या ठेवूनही पूरक रक्कम मिळते. आणि शेताच्या खालच्या अंगाला, जिथे ओल थोडी टिकते, तिथे बांबूची एक-दोन ओळींची पट्टी लावावी, कारण बांबू हे खऱ्या अर्थाने दरवर्षी तोडता येणारे पीक आहे. बेटातून साधारण पाचव्या वर्षापासून तोड सुरू करता येते. तीन वर्षे वा त्याहून जुन्या काठ्या काढायच्या आणि एक-दोन वर्षांच्या ठेवायच्या, कारण नवे कोंब त्यांच्याच बळावर येतात. पावसाळ्यात कोंब निघत असताना बेटात कोयता घालू नये. कोरड्या, दगडी उतारावर मानवेल ही बांबूची जात चांगली तग धरते. बांबूची एक मर्यादा मात्र माहीत असावी: अनेक जाती काही दशकांनी एकदम फुलतात आणि फुलून मरतात. मिझोराममधल्या मेलोकाना बांबूला 1959च्या सुमारास आणि पुन्हा 2007च्या सुमारास अशी सामूहिक फुले आली होती. म्हणून रोपे बियाण्यापासून केलेली आहेत का आणि ते बियाणे कोणत्या वर्षीच्या फुलोऱ्याचे आहे, हे रोपवाटिकेत विचारावे. नुकत्याच झालेल्या फुलोऱ्याच्या बियाण्यापासून केलेल्या बेटाला पुढचे पूर्ण चक्र मिळते. जुन्या बेटाच्या कंदापासून किंवा फांदीपासून केलेले रोप मात्र त्या बेटाचे वयही सोबत घेऊन येते.

आता जातीच्या निवडीकडे येतो. त्यासाठी पुस्तकाआधी पहार हातात घ्यावी. शेताच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात मीटरभर खोल खड्डे घ्यावेत आणि माती कुठे संपते, मुरूम कुठे लागतो, तो पहारीने फुटतो की पहार वाजून उसळते, ते पाहावे. मुरूम फुटत असेल तर मुळे त्यात वाट काढतात. सलग कातळ अर्ध्या मीटरवर असेल तर तिथे इमारती लाकडाची स्वप्ने पाहू नयेत. साग हा सर्वांचा आवडता, पण त्याला खोल आणि निचऱ्याची जमीन लागते. उथळ मुरमावर तो वर्षानुवर्षे खुजाच राहतो. मलबार नीम वेगाने वाढतो हे खरे, पण त्यालाही खोल माती आणि ओल हवी. तुमच्यासारख्या जमिनीत निलगिरीचे कोरडवाहू वाण, जमीन आम्लधर्मी नसेल तर सुबाभूळ, आणि कडेने खैर, बाभूळ, कडुनिंब अशी चिवट झाडे अधिक भरवशाची ठरतात. सुबाभूळ हवेतला नत्र जमिनीत आणते, तोडल्यावर फुटते आणि चाराही देते, परंतु त्या पाल्यात मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असल्याने तो इतर चाऱ्यात मिसळून थोडाच द्यावा. शिवाय तिचे बी भराभर पसरते. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे. ओढ्याच्या काठी किंवा नैसर्गिक रानाला लागून ती लावू नये, आणि शेंगा पिकण्याआधी तोड होईल असे पाहावे.

रोपवाटिकेतून रोपे आणताना उंच आणि हिरवीगार रोपे निवडण्याचा मोह होतो. माझी पद्धत वेगळी आहे: शे-दोनशे रोपांमागे दोन रोपे मी विकत घेतो आणि तिथेच पिशवी उभी फाडून माती झाडून टाकतो. मुख्य मूळ सरळ खाली गेलेले असेल तर रोपे घेतो. पिशवीच्या तळाशी ते घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गोल फिरलेले असेल तर सगळा ढीग परत करतो. अशा गुंडाळलेल्या मुळाचे झाड तीन-चार वर्षे उत्तम दिसते आणि नेमके घेर धरू लागले की वादळात मुळासकट आडवे होते. सागासाठी पिशवीतल्या रोपांपेक्षा जड्या, म्हणजे शेंडा आणि बारीक मुळे छाटलेली रोपांची खुंटे, स्वस्त आणि सोयीच्या. अंगठ्याएवढ्या जाडीची, ताजी, साल न सोललेली जडी निवडावी.

लागवडीचे सर्व काम पाऊस नीट स्थिरावल्यावर पंधरा दिवसांत संपवावे. खड्डे उन्हाळ्यातच घेऊन ठेवावेत आणि उतार असल्याने ओळी समपातळीवर आखाव्यात; वरच्या बाजूला समपातळी चर काढले तर तुमच्यासारख्या कोरडवाहू जमिनीत तेच ओलित समजावे. मेलेल्या रोपांच्या जागी नांगे भरायचे तर पहिल्या महिन्यातच भरावेत. पुढच्या वर्षी लावलेले रोप शेजाऱ्यांच्या सावलीत कधीच वर येत नाही. त्यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे पहिली दोन वर्षे प्रत्येक रोपाभोवती मीटरभर वर्तुळ तणमुक्त ठेवणे. गवताची मुळे वरच्या थरातले पाणी रोपाच्या आधी ओढून घेतात. खतावर होणारा निम्मा खर्च खुरपणीवर वळवला तर कोरडवाहू रोपवनात त्याचे फळ अधिक दिसते, असा माझा अनुभव आहे.

विरळणीबद्दल, म्हणजे दाटीतली काही झाडे काढून टाकण्याबद्दल, सविस्तर लिहितो, कारण इमारती किंवा प्लायवूडच्या लाकडातला नफा तिथेच ठरतो आणि तिथेच हातचा जातो. झाडाचे घनफळ घेराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घेर 30 सेंटिमीटरवरून 45वर गेला, म्हणजे दीडपट झाला, की तेवढ्याच लांबीच्या ओंडक्यात सव्वादोन पट लाकूड भरते; शिवाय जाड ओंडक्याला दर घनमीटरमागे भावही चढा मिळतो. पण दाटीत वाढणारी झाडे उंच होतात, जाड होत नाहीत. म्हणून ज्या कूपातून जाड माल काढायचा आहे, तिथे शेंडे एकमेकांना भिडले की साधारण निम्मी झाडे काढावी लागतात. हिरवीगार झाडे आपल्याच हाताने तोडणे मनाला लागते, आणि मी ते समजू शकतो; पण न तोडल्यास सगळीच झाडे काठ्या बनून राहतात.

कोणती काढायची, हे मात्र मालकानेच ठरवावे. कामाच्या सुरुवातीच्या काळात मी एका शेतकऱ्याच्या सहा वर्षांच्या सागात विरळणी सुचवली आणि ‘दर दोन झाडांमागे एक काढा’ एवढेच सांगून निघून गेलो. लाकूड विकत घेणाऱ्यानेच आपली माणसे आणून तोड केली. चार दिवसांनी मी पाहिले तेव्हा हिशोबाने अगदी बरोबर निम्मी झाडे गेली होती, पण गेली होती ती सगळी सरळ, निरोगी आणि जाड झाडे. मागे उरली होती वाकडी, दुबेळक्याची आणि दबलेली. त्या शेताचा पुढच्या वीस वर्षांचा माल त्या चार दिवसांत ठरून गेला, आणि ती चूक माझी होती. तेव्हापासून मी विरळणीच्या आधी मालकाला सोबत घेऊन प्रत्येक ओळीतून फिरतो. आधी रोगट, मग वाकडी, मग दुबेळक्याची, मग शेजाऱ्याखाली दबलेली, या क्रमाने काढायच्या झाडांना छातीच्या उंचीवर रंगाचा पट्टा मारतो आणि तसाच एक ठिपका बुंध्याशी, जमिनीलगत मारतो. झाड गेले तरी खुंटावरचा ठिपका राहतो. तोड झाल्यावर बिनठिपक्याचा खुंट सापडला तर ते झाड न ठरवता तोडले गेले, हे लगेच सिद्ध होते.

तोडीचे नेमके वर्ष कोणते, यावर दोन मते असतात. झाड वाढते आहे तोवर ठेवावे, असे एक मत. पण 1849 साली मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनाधिकाऱ्याने दाखवून दिले की उभ्या झाडात पैसा अडकलेला असतो आणि ती जमीनही अडलेली असते. तोड एक वर्ष पुढे ढकलल्यास पुढची सगळी पिकेही एकेक वर्ष पुढे जातात. व्यवहारात याचा अर्थ असा: झाडाच्या एका वर्षाच्या वाढीतून मिळणारी जादा किंमत, आजच झाड विकून येणाऱ्या रकमेवरचे व्याज आणि अडलेल्या जमिनीचे भाडे या दोन्हींच्या बेरजेपेक्षा कमी होऊ लागली, की तोडीची वेळ आली. घरावर कर्ज असेल तर ही वेळ लवकर येते. याच्या उलट, बाजार पडलेला असेल तर झाड उभे ठेवता येते, ही सोय बहुतेक शेतमालात नाही. इथिओपियात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, सम्राट दुसरा मेनेलिक याच्या काळात राजधानीच्या सरपणासाठी निलगिरी आणली गेली, आणि आज तिथले लहान शेतकरी तिचे तुकडे बचतीसारखे राखतात. घरात गरज पडेल तेव्हा मोडतात.

विक्रीच्या दिवशी टेप तुमच्याच हातात असावी. अनेक बाजारांत गोल लाकूड ‘चौथाई घेर’ पद्धतीने मोजतात: ओंडक्याच्या मध्यावरच्या घेराला चारने भागायचे, येणाऱ्या आकड्याचा वर्ग करायचा आणि त्याला लांबीने गुणायचे. इंग्लंडमधल्या एडवर्ड हॉपस या मोजणीदाराने 1736 साली या पद्धतीची कोष्टके प्रसिद्ध केली होती. चौकोनी कापात वाया जाणारे लाकूड तिच्यात आधीच वजा झालेले असते, त्यामुळे खऱ्या घनफळाच्या सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच माप निघते. तुमच्या एका कूपाचे उदाहरण घेऊ. 278पैकी 222 झाडे तोडीपर्यंत जगली, प्रत्येकाचा सहा मीटरचा विक्रीयोग्य ओंडका निघाला आणि मध्यावरचा घेर 30 सेंटिमीटर भरला, तर खरे घनफळ सुमारे साडेनऊ घनमीटर होते; चौथाई घेराने तेच साडेसात भरते. ही पद्धत वापरणे म्हणजे फसवणूक नव्हे, कारण भाव त्याच मापावर ठरलेला असेल तर हिशोब जुळतो. फसगत होते ती भाव एका मापाचा ऐकून माल दुसऱ्या मापाने दिल्यावर. सालीचेही तसेच: अर्धा सेंटिमीटर जाडीची साल काढली की घेर तीन सेंटिमीटरने उतरतो, आणि 30 सेंटिमीटर घेराच्या ओंडक्याचे घनफळ पाचव्या हिश्शाने घटते. तेव्हा ‘भाव काय?’ याच्या जोडीला ‘कोणत्या मापाने, आणि सालीसकट की सालीविना?’ हेही विचारावे.

लगद्यासाठी लाकूड वजनावर जाते. तिथे तोडलेला माल उन्हात पडून राहिला की वजन दररोज घटते, म्हणून गाडी ठरल्याशिवाय कुऱ्हाड चालवू नये. सरपणात हिशोब उलटा आहे: निम्मे पाणी असलेले ओले लाकूड किलोमागे पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या निम्म्याहून कमी उष्णता देते, त्यामुळे जाणकार गिऱ्हाईक वाळलेल्या मालाला अधिक भाव देते आणि तुमचा वाहतुकीचा खर्चही वाचतो.

तोडीनंतर निलगिरी आणि सुबाभूळ पुन्हा फुटतात, आणि याच गुणामुळे दुसऱ्या फेरीला रोपांचा व खड्ड्यांचा खर्च लागत नाही. त्यासाठी तोड जमिनीपासून वीतभराहून कमी उंचीवर, धारदार करवतीने, पाणी निथळेल अशी किंचित तिरकी घ्यावी. साल खुंटापासून सुटली तर फुटवे कमकुवत येतात. काही आठवड्यांत खुंटाभोवती दहा-पंधरा फुटवे येतील. वर्षभरात त्यांतले एक किंवा दोन ठेवून बाकीचे काढावेत, आणि ठेवायचा फुटवा वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूचा निवडावा, म्हणजे वारा त्याला खुंटाकडे दाबतो, खुंटापासून उखडत नाही. मुळे आधीच खोल गेलेली असल्याने हे पीक सुरुवातीला रोपांपेक्षा जोमाने वाढते. दोन-तीन फेऱ्यांनंतर खुंट मरू लागतात. तेव्हा तो कूप नव्याने लावावा, आणि शक्यतो दुसऱ्या जातीचा.

पाणी आणि शेजारी यांबद्दल गंभीरपणे सांगतो. वेगाने वाढणारी दाट झाडे पाणी जास्त ओढतात, यात शंका नाही. दक्षिण आफ्रिकेच्या 1998च्या जल कायद्याने व्यावसायिक रोपवनाला ‘ओढ्या-नद्यांचा प्रवाह घटवणारे काम’ ठरवून त्यासाठी परवाना आवश्यक केला आहे. म्हणून विहीर, झरा आणि ओढा यांच्यापासून निलगिरी दूर ठेवावी. शेजाऱ्याच्या पिकाच्या बाजूला काही मीटर मोकळी पट्टी सोडावी आणि मुळे अडवणारा मीटरभर खोल चर खणावा. तीच पट्टी आग अडवणारी जाळरेषा म्हणून आणि पुढे ट्रकची वाट म्हणूनही उपयोगी पडते. उन्हाळ्याआधी तिच्यावरचे गवत दरवर्षी साफ झालेच पाहिजे. आणि त्या अडीच एकरांत एखादा तुकडा जुने नैसर्गिक गवताळ रान असेल, तर तो तसाच ठेवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. गवताळ रान म्हणजे पडीक जमीन नव्हे. त्यावर जगणारे पक्षी, कीटक आणि चरणारी जनावरे यांना झाडांची सावली उपयोगाची नसते.

कायद्याची चौकशी लागवडीआधी करावी, तोडीआधी नव्हे. स्वतःच्या शेतातले झाड तोडायला आणि लाकूड हलवायला अनेक ठिकाणी परवाना लागतो, आणि तो जातीनुसार बदलतो. थायलंडमध्ये 2019 साली कायदा बदलेपर्यंत खासगी जमिनीवरचा सागसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नव्हता. भारतात 2017च्या दुरुस्तीने बांबूला वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळले. लावलेली झाडे जमिनीच्या नोंदीत चढवता येत असतील, तर ती पहिल्याच वर्षी चढवून घ्यावीत. तोडीच्या वेळी ‘हे झाड रानातले की लावलेले?’ हा वाद त्याने टळतो आणि पुढे वारसांनाही त्याचा उपयोग होतो.

दोन प्रकारच्या आश्वासनांपासून सावध राहावे. पहिले म्हणजे ठरावीक वर्षांत ठरावीक मोठी रक्कम देणारे झाड. 1990च्या दशकात सागाच्या नावाने भारतासह अनेक देशांत अशा गुंतवणूक योजना निघाल्या. त्यांतले वाढीचे आकडे उत्तम जमिनीतल्या उत्तम झाडांचे होते, आणि लोकांचे पैसे बुडाले. दुसरे म्हणजे कार्बनचे उत्पन्न. वाळलेल्या लाकडाचे साधारण निम्मे वजन कार्बनचे असते, आणि एक टन कार्बन म्हणजे सुमारे 3.67 टन कार्बन डायऑक्साइड. वरच्या उदाहरणात हेक्टरी वर्षाला साडेनऊ घनमीटर वाढ धरली, तर खोडात आठ-नऊ टन कार्बन डायऑक्साइड साठतो. पण सहा वर्षांनी झाड तोडले की तो साठा शेतात राहत नाही, आणि मोजणी-तपासणीचा खर्च लहान शेतकऱ्याला एकट्याने झेपत नाही. असे उत्पन्न मिळाले तर जोडउत्पन्न समजावे, आणि करार किती वर्षांसाठी तोड बंद करतो हे वाचल्याशिवाय सही करू नये.

तुमच्या एका कूपातून साडेसात-साडेनऊ घनमीटर माल निघणार, म्हणजे एखादा ट्रक जेमतेम भरेल. एवढ्या मालावर भाव घासाघीस करून मिळत नाही. म्हणून परिसरातले सात-आठ शेतकरी मिळून तोडीचे वेळापत्रक एकत्र आखा, असे मी सुचवीन. दक्षिण स्वीडनमधली सोद्रा ही वनमालकांची सहकारी संस्था 1938 साली याच गरजेतून सुरू झाली. आज 50 हजारांहून अधिक मालक तिचे सभासद आहेत आणि तिच्या स्वतःच्या लगदा व कापणीच्या गिरण्या आहेत. तुमच्या गटाला गिरणीची गरज नाही. एक चांगली टेप, एक सामाईक वजनपावतीची वही आणि एकत्र भरलेला ट्रक यांनीही पुष्कळ फरक पडतो.

या वर्षापुरते काम असे करावे. पुढच्या पावसाळ्याआधी तीन खड्डे खणून माती पाहावी, तीन खरेदीदारांना भेटावे, परवान्याची चौकशी करावी, शेताचे सहा कूप दगड रोवून आखावेत आणि सर्वांत वरचा एकच कूप, समपातळी चरांसह, लागवडीसाठी तयार करावा. एक जाड पुठ्ठ्याची वही घेऊन तिच्यात प्रत्येक कूपाला दोन पाने द्यावीत: लागवडीची तारीख, जात, रोपे कुठून आणली, किती लावली, किती मेली, आणि दर वर्षाअखेरीस जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर मोजलेला, कायम खूण केलेल्या दहा झाडांचा घेर. तिसऱ्या वर्षापासून ते आकडे पाहून तुम्हाला स्वतःलाच कळू लागेल की सहावे वर्ष खरोखर तोडीचे आहे, की या जमिनीला सातवे किंवा आठवे लागणार आहे; आणि आठवे लागणार असेल, तर उरलेल्या जमिनीवर तेव्हाही कूपांची संख्या बदलायला वेळ असेल.